पोलाद पाण्यावर तरंगतं का? व्हर्नची पाणबुडी विकत घेण्याआधी

कोल्हापुरातल्या पुस्तकाच्या दुकानात ‘कॅप्टन निमोचं, पाणबुडीचं पुस्तक द्या’ म्हटलं, तर समोर एकाच गोष्टीची दोन-तीन वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं येऊ शकतात. एखादं साठ-सत्तर पानांचं, मोठ्या टायपातलं. एखादं मधलं. आणि एखादं असं, की घेणारा आधी पुस्तकाकडे बघतो आणि मग पोराकडे. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा तोच राक्षसी सोंडांचा प्राणी आणि तीच गोल खिडकी. मग किंमत बघून पातळ पुस्तक उचललं जातं आणि फसगत तिथेच होते.

ज्यूल व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ मार्च १८६९ ते जून १८७० या काळात फ्रान्समधल्या एका कौटुंबिक नियतकालिकात क्रमशः आली. त्याचा वाचक म्हणजे शाळकरी पोरं आणि त्यांचे आईबाप. तरीही पोरांना आकडे झेपणार नाहीत, असं व्हर्नने कुठेही धरलेलं नाही. पाणबुडीची लांबी, रुंदी, वजन, पत्र्याची जाडी, पाण्यात पुढे रेटणाऱ्या पंख्याचा व्यास, समुद्राच्या पाण्यात मीठ किती टक्के, सगळं त्याने गोष्टीतच मांडून ठेवलंय. पुढे संक्षेप करणाऱ्यांना वाटलं, हे काढलं की गोष्ट पळायला लागेल. पळते खरी, पण तिच्यातली पाणबुडी जत्रेतल्या पाळण्यासारखी होते. आत बसायचं, फिरायचं, उतरायचं. चालते कशी हे विचारायचं नाही. आमचं मत सरळ आहे: या पुस्तकाची खरी मजा आकड्यांत आहे, आणि काही आकडे चुकलेत म्हणून ती जास्तच आहे.

दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत पुस्तक पारखता येतं.

आधी अनुक्रमणिका. मूळ कादंबरी दोन भागांत आहे, पहिल्यात २४ आणि दुसऱ्यात २३ अशी एकूण ४७ प्रकरणं. वीस-बावीसच प्रकरणं दिसली तर पुस्तक कापलेलं आहे. कापलेलं असणं गुन्हा नाही, पण मग ‘संपूर्ण’ हा शब्द मुखपृष्ठावर नको.

मग पाणबुडीच्या मोजमापांचं प्रकरण काढा. पाणबुडीचा कप्तान निमो, गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापक अरोनाला नकाशा पसरून तिची, म्हणजे नॉटिलसची, मापं सांगतो ते. तिथे पोलादाची घनता येते. व्हर्नने ती पाण्याच्या ७.८ पट दिली आहे आणि ती बरोबर आहे. लुई मर्सिए या इंग्रज पाद्र्याने १८७२-७३ मध्ये जो पहिला इंग्रजी अनुवाद केला, त्यात ती झाली पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट. म्हणजे पोलाद पाण्यापेक्षा हलकं! कढईत पाणी ओतायच्या ऐवजी पाण्यावर कढई सोडा, भरलेली असली तरी बुडणार नाही, असा त्याचा अर्थ. याच अनुवादात मूळ मजकुराचा जवळजवळ पाव भाग गाळलेला होता, आणि तरीही तो पुढची कितीतरी वर्षं छापत राहिला. दुसऱ्या भाषांत गेलेली पुस्तकं बऱ्याचदा इंग्रजीवरून गेली. तेव्हा हातातल्या मराठी पुस्तकात पोलाद पाण्यापेक्षा हलकं निघालं, तर त्याचं मूळ कुठलं हे लगेच कळतं.

तिसरी खूण पाणबुड्यांच्या पोशाखाची. निमो पाहुण्यांना समुद्रतळावर शिकारीला नेतो तेव्हा मूळ फ्रेंचमध्ये हवेच्या टाकीसकटचा पूर्ण पोशाख आहे. मर्सिएने त्याचं केलं ‘बुचाचं जाकीट’. बुचाचं जाकीट घातलेला माणूस तळावर चालणार कसा? तो भोपळा बांधून विहिरीत उतरलेल्या पोरासारखा वरच राहील. मराठीत ‘बुचाचे कोट’ किंवा ‘तरंगणारी जाकिटं’ असं काही दिसलं तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

चौथी खूण चित्रांची. १८७१ च्या सचित्र आवृत्तीत नव्हिल आणि रिऊ या दोघांची १११ चित्रं होती. ती सगळी कुणी छापेल अशी अपेक्षा नाही, पण दहा-बारा जरी जुनी रेषाचित्रं असली तरी पोशाख, खिडकी, आतलं दालन याची नीट कल्पना येते. संगणकावर रंगवलेली नवी चित्रं बहुधा आजची अणुपाणबुडी काढतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात घोळ घालतात.

भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी पोरांच्या ओळखीचा केला, हे इथे सांगायलाच हवं. जुन्या मराठी आवृत्त्या विकत मिळतीलच असं नाही. त्यासाठी आधी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० ची संस्था, म्हणजे ही कादंबरी यायच्या आधी वीस वर्षं कोल्हापुरात पुस्तकं देते आहे.

नावापासूनच गैरसमज सुरू होतो, तोही मिटवून टाकू. वीस हजार लीग ही खोली नाही. व्हर्नचा एक लीग म्हणजे ४ किलोमीटर. वीस हजार लीग म्हणजे ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा इतकं खाली जायचं तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पुढे आकाशात जावं लागेल. पाण्याखालून कापलेलं अंतर आहे ते, विषुववृत्ताभोवती सुमारे दोन फेऱ्या.

आता यंत्र. नॉटिलस ७० मीटर लांब आणि मध्ये ८ मीटर रुंद, दोन्ही टोकांना निमुळती, सिगारसारखी. कोल्हापूरच्या पोराला हे फुटबॉलच्या मैदानावर दाखवावं. १०५ मीटरच्या मैदानाचा दोनतृतीयांश म्हणजे तिची लांबी. गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद असतो, म्हणजे नॉटिलसचं पोट गोलपोस्टमध्ये जेमतेम अडकेल. हे एकदा पायाने मोजलं की पुढचं ग्रंथालय, जेवणघर, संग्रहालय, ऑर्गन वाजवायचं दालन, सगळं कुठे बसवलंय हे डोळ्यासमोर येतं. ग्रंथालयात १२,००० पुस्तकं आहेत असं निमो सांगतो. कागदाचं वजन किती होतं ते माहीत असलेल्या माणसाला ही चैन खटकावी, पण निमोला किंमत विचारणार कोण.

वजन सुमारे १३५६ टन. पृष्ठभागावर तरंगताना तिचा दहावा भाग पाण्याबाहेर राहतो. तो दहावा भाग बुडवायला टाक्यांत सुमारे १५० टन पाणी घ्यायचं. उसाच्या एका ट्रॉलीत दहा टन धरले, तर पंधरा ट्रॉल्या पाणी. ते आत घेतलं की पूर्ण बुडालेली नॉटिलस तितकंच पाणी बाजूला सारते जितकं टाक्यांतल्या पाण्यासकट तिचं वजन आहे, आणि जिथे आहे तिथे अधांतरी राहते. वर यायचं तर पंपाने पाणी बाहेर फेकायचं. व्हर्नची खरी हुशारी पुढे दिसते. हजार मीटरवर बाहेरचा दाब शंभर पट असतो, तिथे पंपाला पाणी बाहेर ढकलायला किती जोर लागेल हा प्रश्न तो स्वतःच काढतो. आणि खोल जायला टाक्यांवर विसंबत नाही. दोन्ही बाजूंना तिरपे होणारे पंख लावतो. पंख्याने पुढे रेटायचं आणि तिरप्या पंखांनी खाली-वर जायचं. आजच्या पाणबुड्यांनाही असे पंख असतात, फक्त पाणी बाहेर काढायला दाबाखाली साठवलेली हवा वापरतात.

हे समजावून सांगण्यापेक्षा बाटलीत दाखवावं. सामान: सॉफ्ट ड्रिंकची एक लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली, बॉलपेनचं टोपण, थोडी शाडू किंवा पोरांची खेळायची चिकणमाती, काचेचा एक ग्लास. टोपणाच्या टोकाला बारीक भोक असतं. चुकून गिळलं तर श्वास कोंडू नये म्हणून कंपन्या ते मुद्दाम ठेवतात. आधी ते मातीने घट्ट बुजवा. निम्म्या लोकांचा प्रयोग इथेच फसतो, कारण भोकातून हवा निघून जाते आणि टोपण दगडासारखं तळाला जातं. मग टोपणाच्या क्लिपला, तोंडाकडच्या बाजूला, हरभऱ्याएवढी माती लावा. बाटलीत टाकण्याआधी पाण्याने भरलेल्या ग्लासात, तोंड खाली करून, सोडून बघा. टोक पाण्यावर दोन-तीन मिलिमीटर दिसायला हवं. जास्त वर राहिलं तर माती वाढवा, बुडालं तर चिमटीने काढा. वजन जमलं की बाटली काठोकाठ भरा, टोपण आत सोडा, झाकण घट्ट लावा. बाटली दोन्ही हातांनी दाबली की टोपण खाली, सोडली की वर. मध्येच थांबवता आलं तर पोरगं निमोच्या नोकरीला लागलं म्हणायचं.

टोपण पारदर्शक असेल तर आत नीट बघा. दाबताना आतली हवा आक्रसते आणि पाण्याची रेघ टोपणात वर चढते. तीच ती टाकी भरणं.

काय बिघडतं? गळ्यापाशी हवा राहिली तर तुमचा निम्मा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि टोपण हलत नाही. बाटली काठोकाठ भरा. उन्हाळ्यात, नळाचं पाणी तसंच भरलं आणि बाटली गच्चीवर ठेवली, तर पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, ते बुडबुडे टोपणाला चिकटतात आणि कितीही दाबलं तरी ते खाली जात नाही. पाणी उकळून गार करून घेतलं की हा त्रास कमी होतो. उलट, रात्री नीट चाललेलं टोपण सकाळी तळाशी पडलेलं असतं. गारठ्याने आतली हवा आक्रसली, शिवाय थोडी पाण्यात विरघळली. प्रयोग बिघडला असं समजून फेकू नका, माती चिमूटभर कमी करा.

पंख्यावर मात्र व्हर्न सपशेल आपटलाय, आणि हे पान पुस्तकातलं आमचं लाडकं पान आहे. पंख्याचा व्यास ६ मीटर, आटा साडेसात मीटर. आटा म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू जितका पुढे सरकेल तितकं अंतर. बोल्टवर नट फिरवलं की एका फेऱ्यात ते जितकं पुढे जातं तसं. फेरे किती? सेकंदाला १२०. वेग? तासाला ५० सागरी मैल. आता कॅल्क्युलेटर काढा. साडेसात गुणिले १२० म्हणजे सेकंदाला ९०० मीटर, तासाला ३२४० किलोमीटर. हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या अडीच पटीहून जास्त, आणि तेही पाण्याखाली! पण ५० सागरी मैल म्हणजे तासाला ९३ किलोमीटरच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच संवादात नांदतायत. ‘सेकंदाला’च्या जागी ‘मिनिटाला’ वाचलं तर सेकंदाला १५ मीटर, तासाला ५४ किलोमीटर, आणि हे पटण्यासारखं आहे. सातवी-आठवीच्या पोराला ही चूक स्वतः सापडली तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. संक्षिप्त पुस्तकात हा संवादच नसतो, म्हणून ती मजाही नसते.

दाबाचा भाग व्हर्न फार चांगला शिकवतो. नेड लँड हा भाला फेकून देवमासे मारणारा कॅनेडियन, त्याला विज्ञान येत नाही. प्राध्यापक त्याला गणित करून दाखवतो. साधारण दहा मीटर पाणी म्हणजे एक वातावरण दाब. माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ १७,००० चौरस सेंटीमीटर धरलं, तर आपण नुसते उभे असतानाही अंगावर १७,५६८ किलोंचा भार असतो. आतली हवाही तितकीच बाहेर ढकलते म्हणून चिरडत नाही. विहिरीत सूर मारून तळाचा दगड काढणाऱ्या पोराला तीन मीटरवर कान का ठणकतात, याचं उत्तर इथे आहे. तिथे दाब तीस टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि कानाच्या पडद्यामागची हवा मागे पडते.

यासाठी मेडिकलमधून १० मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई काढून टाका. दट्ट्या १० वर ओढा, तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि दट्ट्या ५ पर्यंत रेटा. हवा निम्मी झाली, म्हणजे तुम्ही दहा मीटर खाली पोचलात. साडेतीनच्याही खाली न्या, वीस मीटरच्या जवळपास. हात थरथरायला लागतो. सोडल्यावर दट्ट्या पुन्हा १० वर येत नाही, थोडा अलीकडे थांबतो. ते रबराच्या घर्षणामुळे. सहा-सातवरच थांबला तर अंगठ्याखालून हवा निसटली, पुन्हा करा.

हे हातात आलं की व्हर्नची मोठी चूक आपोआप सापडते. निमोच्या पोशाखातली टाकी ५० वातावरण दाबाची, आणि ती नऊ-दहा तास पुरते म्हणे. ही कल्पना त्याने रुकेरोल आणि दनेरूझ या फ्रेंच माणसांच्या खऱ्याखुऱ्या यंत्रावरून घेतली, तिथपर्यंत ठीक. टाकी २० लिटरची धरा. पन्नास पट म्हणजे हजार लिटर हवा. चालणाऱ्या माणसाला मिनिटाला २० लिटर लागते असं धरलं तर जमिनीवर ५० मिनिटं पुरेल. शंभर मीटर खाली दाब अकरा पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला अकरा पट हवा. साडेचार मिनिटांत टाकी रिकामी. निमोची मंडळी त्याहून खोल, समुद्रतळावर, तासन्‌तास बंदुका घेऊन भटकतात आणि सावकाश परत येतात. वर येताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत अडकतो, हेही त्यांच्या गावी नाही. मालवणला स्कूबा करून आलेल्या पोरांना हा भाग मुद्दाम वाचायला द्या. तिथले प्रशिक्षक वर येताना श्वास रोखू नका, घाई करू नका असं का सांगतात, ते त्यांना चटकन जुळेल.

समुद्राच्या पोटात कॅप्टन सोडियम बनवतो, हा विजेचा भाग. व्हर्नच्या वेळी चांगल्या बॅटरीत जस्त वापरत. निमो त्याऐवजी सोडियम घालतो, कारण समुद्रात मीठ अमाप. पाण्यात २.६६ टक्के सोडियम क्लोराइड हा त्याचा आकडा ठीक आहे. पण मिठातून सोडियम वेगळं करायला जितकी ऊर्जा लागते, त्याहून जास्त बॅटरीतून परत मिळणार नाही. व्हर्नला हे कळत होतं, म्हणूनच तो निमोला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात नेऊन दगडी कोळसा खणायला लावतो. थोडक्यात, ही विजेवरची म्हणून गाजलेली पाणबुडी शेवटी कोळशावर चालते. हा तपशील पातळ आवृत्त्यांत हमखास गळतो, आणि मग नॉटिलस फुकटात चालते असा समज घेऊन पोर मोठं होतं.

मुखपृष्ठावरच्या त्या प्राण्याबद्दल. अनुवादांत तो कधी ऑक्टोपस असतो, कधी स्क्विड. व्हर्नने त्याला आठ हात दिलेत, पण वर्णन बरंचसं स्क्विडचं आहे. १८६१ मध्ये फ्रेंच नौदलाच्या ‘अलेक्तों’ जहाजाला टेनेरीफजवळ खरोखरच असा प्राणी भेटला होता, त्याचा उल्लेखही कादंबरीत येतो. खोल समुद्रात जिवंत राक्षसी स्क्विडचे फोटो मिळायला मात्र २००४ साल उजाडावं लागलं. कोल्हापुरात ही शंका मासळी बाजारात फिटते. कोकणातून आलेलं म्हाकूल घ्या, साफ करायला देऊ नका. आठ आखूड हात आणि दोन लांब सोंडा, एकूण दहा. हातांच्या मधोमध दाबलं की पोपटाच्या चोचीसारखी काळी चोच बाहेर येते. हीच ती चोच, जी कादंबरीत नॉटिलसच्या पंख्यात अडकते आणि बोट थांबवते. पाठीतून प्लास्टिकच्या पट्टीसारखा पारदर्शक काटा निघतो.

याचाच चुलतभाऊ कटलफिश. त्याच्या पाठीतला पांढरा भाग म्हणजे समुद्रफेन. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, आणि लव्हबर्डच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवतात तेही हेच. एक तुकडा आणा, आडवा मोडा. आत कागदाच्या थप्पीसारखे पातळ थर दिसतील आणि थरांमध्ये रिकामी जागा. बादलीत टाका, तरंगतो. जिवंत प्राणी या थरांतलं पाणी शोषून घेतो, जागा वायूने भरते आणि तो हलका होतो. पाणी आत येऊ दिलं की जड होतो. नॉटिलस नावाचा खरा शंखधारी प्राणीही असाच, कप्प्याकप्प्यांच्या शंखात पाणी आणि वायू यांची देवाणघेवाण करत खालीवर होतो. पाणबुडीचं नाव व्हर्नने नुसतं ऐटीसाठी ठेवलेलं नाही. गंमत म्हणजे खरा नॉटिलस आठशे मीटरच्या आसपास शंख फुटून मरतो, आणि व्हर्नची नॉटिलस दक्षिण अटलांटिकमध्ये १६,००० मीटर जाते.

सोळा हजार मीटर! कोल्हापुरातून जोतिबाच्या वाटेला लागून इतकं अंतर कापलंत तर देवळाच्या जवळपास पोचाल. समुद्रात इतकी खोल जागाच नाही. सगळ्यात खोल म्हणजे पॅसिफिक महासागरातली चॅलेंजर डीप ही जागा, जवळपास ११ किलोमीटर. तिथे २३ जानेवारी १९६० ला ‘त्रिएस्त’ या खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीतून दोन माणसं उतरली. आणि नॉटिलसचा बाहेरचा पत्रा किती जाड? ५ सेंटीमीटर. तुलनेला आपली ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी घ्या, चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेची. तीन माणसांना ६,००० मीटर नेण्यासाठी जो गोळा केलाय तो टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, जेमतेम २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाड. तीन माणसं गुडघे दुमडून बसतील इतकीच जागा, कारण व्यास वाढवला की भिंत त्याच प्रमाणात जाड करावी लागते. ८ मीटर व्यासाच्या लोखंडी पोटात बारा हजार पुस्तकं आणि ऑर्गन घेऊन सोळा किलोमीटर खाली जाणं म्हणजे नाद खुळा, पण गोष्टीतच.

दक्षिण ध्रुवाचंही तसंच. १८६८ च्या मार्चमध्ये निमो बर्फाखालून समुद्रमार्गे ध्रुवावर जाऊन झेंडा लावतो. ध्रुवावर खरं तर खंड आहे, वर दोन-अडीच किलोमीटरहून जाड बर्फ. पाणबुडी तिथे पोचूच शकत नाही. पण उत्तर ध्रुवाखालून ३ ऑगस्ट १९५८ ला जी अमेरिकी अणुपाणबुडी गेली, तिचं नावही नॉटिलसच होतं. व्हर्नची दिशा चुकली म्हणा हवं तर.

भारतीय वाचकाने एक प्रकरण मुळीच सोडू नये: श्रीलंकेजवळच्या मोत्यांच्या समुद्राचं. शार्कच्या तोंडून एका गरीब भारतीय पाणबुड्याला निमो स्वतः खंजीर घेऊन वाचवतो, त्याला मोत्यांची पिशवी देतो, आणि आपण त्या दडपलेल्या देशाच्या बाजूचे आहोत असं सांगतो. निमो कोण, हे या पुस्तकात उघड होत नाही. व्हर्नला तो पोलिश हवा होता, पण रशियात पुस्तकं खपणार नाहीत म्हणून प्रकाशक हेत्झेल अडून बसला. मग १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उलगडा होतो: निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. हे पोराला आधी सांगू नका. पहिलं पुस्तक संपवून दुसरं मिळवलं की त्यालाच कळू द्या.

दोषही सांगायला हवेत. माशांच्या याद्या जीव खातात. कोन्से हा प्राध्यापकाचा नोकर दिसेल त्या प्राण्याचा वर्ग, गण, कुळ म्हणून दाखवतो, आणि पानंच्या पानं नावं. पापलेट-सुरमई-बांगडा याच्या पलीकडे न गेलेल्या वाचकाने ती बिनधास्त ओलांडावी, गोष्टीचं काही बिघडत नाही. अनुवादकानेही जिथे मराठी नाव आहे तिथे ते द्यावं. पाकटाला ‘रे मासा’ आणि मोरीला ‘शार्क जातीचा मासा’ असं लिहिलेलं वाचताना दातात खडा येतो. पापुआच्या रहिवाशांची वर्णनं त्या काळच्या गोऱ्या नजरेची आहेत, वाचताना तसं सांगा. देवमाशांची कत्तल रक्तबंबाळ आहे. लहान, हळव्या पोराला ते प्रकरण एकट्याने वाचायला देऊ नये. आणि अख्ख्या पाणबुडीत एकही मूल नाही, एकही बाई नाही. मुलींना याचा राग येतो, तो रास्तच.

वय? संपूर्ण पुस्तक अकरा-बाराच्या पुढे, तेही मोठ्याने आळीपाळीने वाचून. पहिली सहा प्रकरणं पाणबुडी कळतच नाही, नुसता ‘समुद्रातला प्राणी’ शोधणं चालतं. तिथे बरीच पोरं गळतात. ती एका रविवारी एका बैठकीत उरकावीत. मग रोज दोन प्रकरणं, आणि मोजमापांच्या प्रकरणाला सुट्टीचा दिवस ठेवावा, वही-पेन आणि बाटली घेऊन. आठ-नऊ वर्षांच्या पोरासाठी संक्षिप्त घ्यायचंच असेल तर मधल्या जाडीचं घ्या, वर सांगितलेल्या खुणा तपासून. साठ पानी मात्र नकोच.

बर्फात अडकण्याची प्रकरणं दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात येतात. वर बर्फ, खाली बर्फ, बाजूच्या भिंतीही गोठत आत सरकतायत, हवा संपत आलीय, आणि माणसं पाळीपाळीने पोशाख चढवून कुदळीने तळ फोडतायत. बाजूचं पाणी गोठू नये म्हणून निमो उकळतं पाणी सोडतो, आणि शेवटचा मीटरभर बर्फ टाक्या भरून नॉटिलसच्या वजनाने फोडतो. म्हणजे बाटलीतलं टोपण इथे पुन्हा कामाला येतं. ही प्रकरणं शाळेच्या आदल्या रात्री सुरू करू नका.